शब्दांतून समीकरणाकडे

गणिताच्या कोणत्याही शिक्षकास विचारले, तर एक अनुभव तो हमखास सांगेल. फळ्यावर '३क्ष − २० = १३०' असे समीकरण लिहून दिले, की वर्गातील बरीच मुले ते बिनचूक सोडवितात. परंतु ज्या प्रश्नातून हे समीकरण निघते तो प्रश्न शब्दांत लिहून दिला, की त्यांपैकी कित्येकांची वही कोरी राहते. बेरीज-वजाबाकी येते, समीकरण सोडविता येते, मग अडते कोठे? अडते ते शब्द आणि समीकरण यांमधल्या पायरीवर. मराठी वाक्यात सांगितलेली गोष्ट गणिताच्या भाषेत कशी मांडावयाची, हे त्या मुलांना कोणी सावकाशपणे सांगितलेले नसते.

ही अडचण केवळ शाळेपुरती मर्यादित असती, तर ती शिक्षकांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु तसे नाही. मंजुरीचे पत्र, अंदाजपत्रक, अनुदानाच्या अटी, कराची आकारणी हीदेखील एका अर्थी शाब्दिक उदाहरणेच होत. ती वाचून योग्य आकडा काढणे हे ग्रामपंचायत सदस्यांचे, लिपिकांचे आणि अधिकाऱ्यांचे नित्याचे काम आहे. तेथे चूक झाली, तर एखाद-दुसरा गुण जाऊन भागत नाही. गावाचे काम अडते. म्हणूनच या विषयाचा थोडा विस्ताराने परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

ग्रामसभेतील एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामानिमित्त एका गावच्या ग्रामसभेस उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. गावासाठी पाण्याच्या टाकीचे काम मंजूर झाले होते. अंदाजपत्रकाची प्रत त्या दिवशी सभेपुढे नव्हती. होते ते केवळ मंजुरीचे पत्र. अनुदानाची रक्कम नऊ लाख रुपये असून कामाच्या एकूण खर्चाच्या दहा टक्के रक्कम लोकवर्गणी म्हणून ग्रामस्थांनी उभी करावी, असे त्यात म्हटले होते. नऊ लाखांचे दहा टक्के म्हणजे नव्वद हजार, असा हिशेब तेथल्या तेथे झाला आणि ठरावाचा मसुदा वाचून दाखविण्यात आला. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले. तेवढ्यात मागच्या रांगेतील एक वयस्कर सदस्या उठून म्हणाल्या, "भाऊसाहेब, दहा टक्के म्हणता खरे, पण दहा टक्के कशाचे?"

प्रश्न अगदी साधा होता. परंतु सभेतील कोणालाही त्याचा रोख समजला नाही. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर. त्यालाही तो समजला नाही. ठराव नव्वद हजारांचाच झाला. पुढे वर्गणी दहा हजारांनी कमी भरते असे दिसून आल्यावर ग्रामस्थांकडे दुसऱ्यांदा वर्गणी मागावी लागली. एकदा दिलेल्या वर्गणीची पुन्हा मागणी झाली, की गावात काय बोलले जाते हे वाचकांना सांगावयास नको. ज्या उन्हाळ्यासाठी टाकी हवी होती, तो उन्हाळा त्यात निघून गेला.

आता तोच हिशेब समीकरणाने करून पाहू. एकूण खर्च किती, हे पत्रात लिहिलेले नव्हते. म्हणून त्याला 'क्ष' म्हणू. लोकवर्गणी एकूण खर्चाच्या दहा टक्के, म्हणजे क्ष/१०. अनुदान आणि लोकवर्गणी मिळून एकूण खर्च भागावयाचा आहे. तेव्हा,

९,००,००० + क्ष/१० = क्ष

दोन्ही बाजूंतून क्ष/१० वजा केले असता ९,००,००० = ९क्ष/१० असे मिळते. म्हणून क्ष = १०,००,०००. एकूण खर्च दहा लाख आणि लोकवर्गणी एक लाख. नव्वद हजार हे अनुदानाचे दहा टक्के होते. पत्रातील अट मात्र एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांची होती. 'कशाचे?' हा त्या सदस्यांचा प्रश्न नेमका याच फरकावर बोट ठेवणारा होता. क्ष म्हणजे काय, हे ठरविताना प्रत्येकाने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न तोच आहे.

सवाईचा हिशेब

अशी चूक होण्याची ठिकाणे व्यवहारात पुष्कळ आहेत. आपल्या खेड्यांत पूर्वी धान्य सवाईने किंवा दिढीने देण्याची पद्धत होती. सवाईने धान्य घेणाऱ्यास सुगीनंतर मुद्दल आणि त्याचा चौथा हिस्सा परत करावा लागे. दिढीत निम्मे धान्य जास्त द्यावे लागे. समजा, एखाद्या शेतकऱ्याने सवाईच्या बोलीने धान्य घेतले आणि सुगीनंतर दहा पायली परत केले. तर त्याने मुळात किती घेतले होते? दहाचा चौथा हिस्सा अडीच, तो वजा करून साडेसात पायली, असे उत्तर पुष्कळजण चटकन देतात. ते चूक आहे. साडेसातची सवाई केली, तर दहा होत नाहीत. सव्वानऊपेक्षा थोडे अधिक होतात.

मूळ धान्य क्ष पायली धरले, तर क्ष + क्ष/४ = १०. म्हणजे ५क्ष/४ = १० आणि क्ष = ८. आठ पायली घेतले, त्याचा चौथा हिस्सा दोन पायली, एकूण दहा. हिशेब जुळला. चौथा हिस्सा काढावयाचा तो घेतलेल्या धान्याचा, परत केलेल्या धान्याचा नव्हे.

सवाईची पद्धत मागे पडली, तरी हिशेबाची ही जात आजही आपल्या टेबलावर येते. एखाद्या वस्तूचे अठरा टक्के वस्तू व सेवा करासह देयक १,१८० रुपयांचे आहे. कर वगळून मूळ किंमत किती? १,१८० चे अठरा टक्के काढून वजा केले, तर ९६७ रुपये ६० पैसे हे चुकीचे उत्तर मिळते. मूळ किंमत क्ष धरली, की क्ष + १८क्ष/१०० = १,१८०; म्हणजेच क्ष = १,०००. लोकवर्गणी, सवाई आणि कर ही तीन उदाहरणे दिसावयास वेगवेगळी आहेत. परंतु तिन्हींत एक गोष्ट समान आहे. शेकडेवारी किंवा हिस्सा अज्ञात रकमेवर सांगितलेला आहे, आणि घाई करणारा माणूस तो ज्ञात रकमेवर काढतो. अज्ञाताला आरंभीच नाव दिले, की ही घाई आपोआप टळते.

भास्कराचार्यांची रीत

अज्ञाताला नाव देण्याची ही युक्ती आपल्याकडे परदेशातून आली, असा अनेकांचा समज असतो. 'क्ष' हे अक्षर शालेय पुस्तकांत इंग्रजी अक्षराच्या जागी आले हे खरे. परंतु त्यामागची कल्पना या देशात फार जुनी आहे. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' हा ग्रंथ लिहिला. त्यात समीकरणांचा विचार आहे. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग होत.

भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात. 'जितके असेल तितके' हा त्याचा अर्थ. लिहिताना त्याचे पहिले अक्षर 'या' एवढेच लिहावयाचे. अज्ञात राशी एकाहून अधिक असल्या, तर पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे द्यावयाची आणि 'का', 'नी', 'पी' असे लिहावयाचे. ज्ञात संख्येसाठी 'रूप' या शब्दाचे 'रू' हे अक्षर, आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. दोन्ही बाजू, म्हणजे दोन 'पक्ष', एकाखाली एक मांडून ते सम करावयाचे. 'समीकरण' हा शब्दच मुळी 'सम करणे' या अर्थाचा आहे.

'बीजगणिता'तील त्यांचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. एका माणसाजवळ तीनशे रूपे आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, परंतु त्याला शंभर रूपांचे देणे आहे. घोड्यांची किंमत सारखी असून दोघांची संपत्तीही सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत किती? घोड्याची किंमत 'या' मानली, की पहिल्याची संपत्ती 'या ६ रू ३००' आणि दुसऱ्याची 'या १० रू १००', या शेवटच्या शंभरावर टिंब. आजच्या पद्धतीने लिहावयाचे तर,

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

यावरून ४क्ष = ४०० आणि क्ष = १००. दोघांचीही संपत्ती नऊशे रूपे भरते. कर्ज हा शब्द आला, की तेथे ऋण चिन्ह मांडावयाचे, आणि 'दोघांची संपत्ती सारखी' या शब्दांतून बरोबरीचे चिन्ह काढावयाचे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. बीजगणित म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत, त्याचे खरे बीज बुद्धी हेच होय, असा भास्कराचार्यांचा अभिप्राय आहे.

या परंपरेचा एक धागा आपल्या राज्यातही सापडतो. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि त्यास दान मिळाले, अशी नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणून दिला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून मठाला कोणत्या बाबींतून उत्पन्न द्यावयाचे ते त्यात सांगितले आहे. गणिताच्या शिक्षणाची तरतूद आणि गावचा हिशेब अशा रीतीने एकाच दगडावर नोंदविले गेले आहेत.

वाक्यातील खुणा

शब्दांचे समीकरण करणे हे एक प्रकारचे भाषांतर होय. इंग्रज शास्त्रज्ञ न्यूटन याच्या १७०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अरिथमेटिका युनिव्हर्सालिस' या ग्रंथात हाच विचार मांडलेला आहे. बोलीभाषेतील वाक्य एका रकान्यात आणि त्याचे बीजगणितातील रूप समोरच्या रकान्यात, अशी मांडणीही त्यात करून दाखविली आहे. आपल्यालाही ती सहज अनुसरता येईल. मात्र त्यासाठी मराठी वाक्य कसे बोलते, हे लक्षात घेतले पाहिजे.

मराठीत गणिताचा बराच भार विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये वाहतात. 'ने जास्त' म्हणजे बेरीज, 'पट' म्हणजे गुणाकार. 'तीनने जास्त' आणि 'तीनपट' या दोहोंत 'तीन' हा शब्द समान असला, तरी पहिल्याचे क्ष + ३ होते आणि दुसऱ्याचे ३क्ष. दिडपट म्हणजे ३क्ष/२, सव्वापट म्हणजे ५क्ष/४, पाऊणपट म्हणजे ३क्ष/४. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे पाठ करणाऱ्या पिढीला हे शब्द वेगळे समजावून सांगावे लागत नसत. आजच्या मुलांना ते सांगावे लागतात.

शब्दांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा. 'एका संख्येच्या दुपटीपेक्षा चारने कमी' याचे रूप २क्ष − ४. 'एका संख्येपेक्षा चारने कमी असलेल्या संख्येची दुप्पट' याचे रूप २(क्ष − ४). दोन्ही वाक्यांत जवळजवळ तेच शब्द आहेत; परंतु क्ष दहा धरला, तर पहिल्याचे उत्तर सोळा आणि दुसऱ्याचे बारा येते. कोणती क्रिया आधी झाली हे 'च्या' आणि 'पेक्षा' यांच्या जागेवरून ठरते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. 'जास्त' दिसले की बेरीज, 'कमी' दिसले की वजाबाकी, अशी खूणगाठ मुलांना बांधून देण्याची सवय काही ठिकाणी आढळते. ती तात्पुरती उपयोगी पडते; पुढे घात करते. 'मोहनजवळ बारा आंबे आहेत. ते सुमनजवळच्या आंब्यांपेक्षा चारने जास्त आहेत. तर सुमनजवळ किती?' या प्रश्नात 'जास्त' हा शब्द आहे, पण करावी लागते ती वजाबाकी. सुमनजवळचे आंबे क्ष धरले, तर क्ष + ४ = १२, म्हणून क्ष = ८. समीकरणात बेरीजच आहे. शब्दाशी प्रामाणिक राहून वाक्य जसेच्या तसे मांडले, की कोणती क्रिया करावयाची ते समीकरणच सांगते. अंकगणितापेक्षा बीजगणित सोपे पडते ते येथे.

तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक

वाक्य जसेच्या तसे मांडावयाचे म्हणजे शब्दामागे शब्द ठेवावयाचा, असे मात्र नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक स्तरावर तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरलेले आहे. एखाद्या शाळेत नेमके हेच प्रमाण आहे असे समजू. विद्यार्थ्यांची संख्या 'व' आणि शिक्षकांची संख्या 'श' मानली, तर समीकरण कोणते? वाक्य वाचता वाचता पुष्कळांच्या हातून '३०व = श' असे लिहिले जाते; कारण 'तीस विद्यार्थी' हे शब्द वाक्यात जोडीने आले आहेत. पण शाळेत चार शिक्षक असतील, तर विद्यार्थी १२० असतात. व = १२० आणि श = ४ घालून पाहिले, की ३०व म्हणजे ३,६०० होतात आणि समीकरण कोसळते. बरोबर रूप आहे व = ३०श.

ही चूक केवळ लहान मुलांचीच होते असे कोणी समजू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट व त्यांचे सहकारी यांनी अशाच स्वरूपाचा एक प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील १५० विद्यार्थ्यांना विचारला होता. विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणात लिहावयाचे होते. १९८० नंतरच्या एक-दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ३७ टक्के विद्यार्थी चुकले, आणि चुकलेल्यांत बहुतेकांनी समीकरण उलटेच लिहिले होते.

यावर उपाय सोपा आहे. 'व म्हणजे विद्यार्थी' असे कधीही लिहू नये. 'व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या' असे पूर्ण लिहावे. अक्षर हे वस्तूचे नाव नसून संख्येचे नाव आहे, हे यामुळे मनावर ठसते. त्यानंतर एक लहानसा आकडा घालून समीकरण खरे ठरते की नाही ते पाहावे. एवढे केले, की उलटे समीकरण तेथेच पकडले जाते.

चार पायऱ्या

आतापर्यंतच्या विवेचनातून चार पायऱ्या निघतात. पहिली, काय काढावयाचे आहे ते ओळखून त्याला अक्षर द्यावे आणि ते कशाची संख्या आहे, कोणत्या मापात आहे, हे पूर्ण वाक्यात लिहावे. दुसरी, प्रश्नातील इतर राशी त्याच अक्षराच्या साहाय्याने लिहाव्यात. तिसरी, कोणत्या दोन गोष्टी समान आहेत हे शोधून बरोबरीचे चिन्ह मांडावे. 'मिळून', 'एकूण', 'इतके', 'सारखे' या शब्दांत ते बहुधा दडलेले असते. चौथी, समीकरण सोडवून मूळ वाक्याशी ताळा पाहावा.

एक उदाहरण घेऊ. एका ग्रामसभेस १३० ग्रामस्थ उपस्थित होते. स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीपेक्षा वीसने कमी होती. तर स्त्रिया किती व पुरुष किती? दोन रकान्यांची मांडणी अशी होईल :

उपस्थित पुरुषांची संख्या : क्ष
पुरुषांची दुप्पट : २क्ष
त्यापेक्षा वीसने कमी, म्हणजे स्त्रियांची संख्या : २क्ष − २०
दोघे मिळून १३० : क्ष + २क्ष − २० = १३०

म्हणजे ३क्ष − २० = १३०. लेखाच्या आरंभी फळ्यावर लिहिलेले समीकरण ते हेच. ३क्ष = १५०, क्ष = ५०. पुरुष पन्नास, स्त्रिया ऐंशी. पन्नासची दुप्पट शंभर, त्यातून वीस गेले ऐंशी. पन्नास आणि ऐंशी मिळून एकशेतीस. ताळा जमला.

वयाच्या उदाहरणांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. समजा, आज वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे आणि पाच वर्षांपूर्वी ते मुलाच्या तेव्हाच्या वयाच्या सातपट होते. मुलाचे आजचे वय क्ष वर्षे धरले, तर वडिलांचे ४क्ष. पाच वर्षे दोघांचीही मागे न्यावयाची आहेत. मुलाचे वय तेव्हा क्ष − ५, वडिलांचे ४क्ष − ५. म्हणून,

४क्ष − ५ = ७(क्ष − ५)

यावरून ३क्ष = ३० आणि क्ष = १०. मुलगा दहा वर्षांचा, वडील चाळीस वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी ती वयेे पाच आणि पस्तीस होती. वडिलांच्या वयातून पाच वजा करून मुलाच्या वयातून ती न करणे, अथवा कंस विसरणे, या येथे नेहमी होणाऱ्या चुका. 'तेव्हाच्या' या एका शब्दाकडे लक्ष दिले, की त्या टळतात.

ताळा कोणाशी पाहावा?

ताळा पाहण्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. मिळालेले उत्तर समीकरणात घालून पाहिले, की समीकरण बरोबर सुटले एवढेच कळते. ते बरोबर मांडले होते की नाही, हे कळत नाही. चुकीचे समीकरणही बिनचूक सोडविता येते. त्या ग्रामसभेत नेमके तेच झाले होते. नऊ लाखांचे दहा टक्के नव्वद हजार, यात आकडेमोडीची कोणतीही चूक नव्हती. नव्वद हजार लोकवर्गणी धरली, तर एकूण खर्च नऊ लाख नव्वद हजार होतो. आणि त्याचे दहा टक्के नव्वद हजार होत नाहीत, नव्व्याण्णव हजार होतात. पत्रातील वाक्य पुन्हा एकदा वाचून त्यावर हा ताळा घेतला असता, तर चूक त्याच बैठकीत उघड झाली असती. म्हणून ताळा नेहमी मूळ शब्दांशी पाहावा.

शाळेत आणि सभेत

या दृष्टीने शिक्षकांना काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. शाब्दिक उदाहरण फळ्यावर घेतल्यावर लगेच उत्तराकडे न धावता प्रथम एखाद्या मुलास ते मोठ्याने वाचावयास सांगावे आणि 'यात काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि काय सारखे आहे?' हे त्याच्याच शब्दांत विचारावे. एखाद्या दिवशी केवळ समीकरणे मांडून घ्यावीत, सोडवून घेऊ नयेत. कधी उलट बाजूने जावे; क्ष + क्ष/४ = १० हे समीकरण द्यावे आणि त्यावरून आपल्या गावातील एखादा प्रश्न मुलांना रचावयास सांगावा. मराठीच्या शिक्षकांनाही या कामात वाटा उचलता येईल. 'च्या', 'ने', 'पेक्षा' या अव्ययांचा आणि प्रत्ययांचा नेमका अर्थ शिकविणे हे त्यांचेच काम आहे, आणि गणिताच्या तासाला त्याचा लाभ झाल्यावाचून राहणार नाही. घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. त्यांना गणित येत नाही असा शेरा मारण्यापूर्वी वाक्य समजले होते काय, हे पाहणे न्यायाचे ठरेल.

पंचायतींच्या सदस्यांना समीकरणे सोडविण्याचा सराव असेलच असे नाही, आणि त्याची फारशी आवश्यकताही नाही. परंतु कोणताही ठराव संमत करण्यापूर्वी त्यातील टक्केवारी कशाची, पट कोणाची आणि बेरीज कशाकशाची, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. अधिकाऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी अशा प्रश्नाला आडकाठी न समजता हिशेबाचा पहिला टप्पा समजावे, आणि पत्राचा मसुदा करतानाही 'दहा टक्के' एवढ्यावर न थांबता 'एकूण अंदाजित खर्चाच्या दहा टक्के, म्हणजे इतके रुपये' असे स्पष्ट लिहावे. लिहिणाऱ्याने घेतलेल्या अशा क्षणभराच्या काळजीने गावागावांतील घोटाळा वाचतो.

ज्या सदस्यांनी त्या दिवशी 'दहा टक्के कशाचे?' असे विचारले, त्यांनी बीजगणिताचे पुस्तक कधी उघडले असेल असे वाटत नाही. तरीही त्या सभेत गणिताचा खरा प्रश्न विचारणाऱ्या त्याच एकट्या होत्या. त्यांना उत्तर देऊ शकेल असा एक तरी माणूस प्रत्येक सभेत असावा, आणि तो शाळेच्या बाकावरूनच तयार व्हावा, एवढीच अपेक्षा.